रजा न घेणारा भाऊ

रविवार, १४ नोव्हेंबर

प्रिय छोट्या,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू विषय बदलतोस, म्हणून. आम्ही सगळे बरे आहोत. आईचा रक्तदाब ताब्यात आहे. तुझ्या मेव्हण्यांचा गुडघा कुरकुरतो आणि त्याच्याबरोबर तेही. मी कॉलेजात गुन्हेगारीशास्त्रच शिकवते आहे. तुझ्या भाषेत, चोरांवर पोट भरते आहे.

परवा पांढरपेशा गुन्ह्यांचा तास होता. एका मुलीने विचारलं, "बाई, शिकलेली, पगारदार माणसं या वाटेला लागतात कशी?"

मी म्हणाले, कामातलं बाकी सगळं शिकतात तशीच. शेजारच्या टेबलावरून. नवा माणूस येतो आणि जुने त्याला सांगतात, इथे असंच चालतं. वरून घाई असते, बघणारं कुणी नसतं. आणि सबब तर गुन्ह्याच्या आधीच तयार असते: सगळेच करतात, मी स्वतःच्या खिशात काही घातलं नाही, कुणाचं काय बिघडतंय? मुलं हसली. मला हसता आलं नाही. असलंच एक वाक्य मी आपल्याच घरात ऐकलं होतं.

"मग अशा माणसाला ओळखायचं कसं?"

"जो कधीच रजा घेत नाही, त्याच्याकडे जरा बघा. त्याच्या खुर्चीत दुसरं कुणी बसलं, तर सगळं उघडं पडायची भीती असते."

बोलून गेले आणि खडू हातातच राहिला. आईच्या डोळ्याच्या ऑपरेशनला तू आला नाहीस. माझ्या लेकीच्या लग्नात जेवलास आणि तडक कारखान्यात परतलास. आम्ही आपले कौतुक करत बसलो, केवढा कामसू! तपासणीचा प्रमुख म्हणून तुझी सही झाल्याशिवाय तिथून गोळीचं पाकीट बाहेर पडत नाही, हे आई अख्ख्या इमारतीला सांगत असते.

गेल्या महिन्यात आलास तेव्हा मी एवढंच विचारलं होतं, "चेहरा का उतरलाय रे?" तू ताटातून मान वर न करता म्हणालास, "ताई, घरात तरी वर्ग घेऊ नकोस. एखाद्या लॉटमध्ये औषध थोडं कमी पडलं म्हणून कुणी मरत नाही."

मी औषधाचं नावही काढलं नव्हतं.

विषय मी तिथेच सोडणार होते. पण तू गेल्यावर आईचा औषधांचा डबा उघडला, तर त्यात रक्तदाबाच्या गोळ्या दुसऱ्याच कंपनीच्या. आई म्हणाली, "छोट्याने बदलून दिल्या. म्हणाला, या जास्त मानवतील. जुन्या घेऊनही गेला, बिचारा." किती वर्षं ती तुमच्याच गोळ्या मिरवत घेत होती!

कुणाचं काही बिघडत नाही ना? मग आईच्या गोळ्या का बदलल्यास?

आईनेच शिफारस केली म्हणून वरच्या मजल्यावरचे मास्तर अजून तुमच्याच गोळ्या घेत होते. गेल्या आठवड्यात ते जिन्यात चक्कर येऊन पडले. तुमच्या गोळ्यांमुळेच, असं मी म्हणत नाही. मला ते माहीत नाही. तुला माहीत असेल, याचीच भीती वाटते. त्यांना डॉक्टरांकडून दुसऱ्या गोळ्या लिहून आणल्या आणि उरलेली पट्टी मी मागून घेतली.

शुक्रवारी सकाळी ती घेऊन मी औषध निरीक्षकांच्या कार्यालयात जाणार आहे. माझा संशय खोटा ठरला तर चारचौघांत तुझी माफी मागेन, जन्मभर टोमणे ऐकेन. खरा असेल तर त्याआधी ये. तू स्वतः बोललास तर मी तुझ्या शेजारी बसेन. पण तू आला नाहीस, तरी मी जाणारच.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. आत्ताच तिने विचारलं, "माझे आशीर्वाद लिहिलेस का गं त्याला?" मी हो म्हणाले. लिहिलेले नाहीत. ते तूच येऊन घे.

तुझी वाट बघणारी,
ताई