आंबागडचे दोन सेलर

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली. तरी आज तुमच्याशी बोलायला बसले आहे, कारण यंदा तुमचं एक म्हणणं मी खोडून काढलं.

दिवाळीनंतर धान कापणीला आलेला, आणि तुम्ही सिहोऱ्याच्या शाळेतून आम्हाला आंबागडच्या पायथ्याशी घेऊन गेलात. काळ्या पंखांवर पांढरे पट्टे असलेलं सेलर फुलपाखरू, जरा पंख हलवून मग होडीसारखं तरंगत जाणारं. मी एक पकडून आणलं तर तुम्ही ओरडलात, "सोड पहिले त्याले! पंखावरची भुकटी गेली, आता ओळखशील कायच्यानं?" मग एकाच झुडपावर बसलेली दोन दाखवलीत. एकाचे पट्टे रुंद, पंख खालून फिके पिवळे. दुसऱ्याचे पट्टे अरुंद, खालून गडद तांबूस. एक उत्तरेकडची पोटजात, एक दक्षिणेकडची, असं तुमचं ठाम मत. "दोन मुलूख भेटतात इथं, पोरी," तुम्ही म्हणालात, आणि मला माझा तालुका एकदम मोठा वाटू लागला.

शिक्षकांच्या खोलीत त्यावर हसणं झालं. मी वह्या ठेवायला आले होते. कुणीतरी म्हणालं, "फुलपाखरायचीबी जात पाहून राहिले का, मास्तर?" तुम्ही चहाचा कप खाली ठेवलात. "जात नाही जी. मी गाव विचारतो त्याचं." आमच्या बौद्धपुऱ्यात कुणी आडनाव विचारलं की बाबा आधी विचारणाऱ्याचा चेहरा बघायचे. माणसाला नुसतं गाव विचारून थांबता येतं, हे मी त्या खोलीत पहिल्यांदा ऐकलं. मी प्राणिशास्त्राकडे वळले ती तिथून.

आता मी भंडाऱ्याला कॉलेजात शिकवते. यंदा पावसाळ्यात आंबागडची एक मादी आणून जाळीघरात बरबटीच्या, म्हणजे चवळीच्या, वेलावर सोडली. तिची पिल्लं अरुंद पट्ट्यांची, तांबूस निघाली. तुमचं म्हणणं खरं असतं तर पुढच्या पिढ्याही तशाच निघायला हव्या होत्या. त्यांच्या पिल्लांची पिल्लं थंडीत कोषातून बाहेर आली ती रुंद पट्ट्यांची, फिकी. एकाच आईचं कूळ, सर. पोटजाती दोन नव्हत्या, ऋतू दोन होते. आपण गेलो तेव्हा पावसाळ्यातली उरलेली आणि हिवाळ्यातली नवी, दोन्ही एकाच झुडपावर बसली होती.

काकूंना सांगायला मी सिहोऱ्याला तुमच्या घरी गेले. जीभ रेटत नव्हती. "काकू, सरांचं ते फुलपाखरांचं म्हणणं चुकलं होतं." त्या लाखोरीची डाळ निवडत होत्या. "घरी त रोजच चुकत होते, बाप्पा," त्या हसल्या. मग हात थांबवून म्हणाल्या, "पण ते पाखरू मंग कुठचं व्हय?"

"दोन्ही इथलीच, काकू."

"मंग बरंच झालं नं. त्यायले आवडलं असतं." आणि त्यांनी पदरानं डोळे पुसले.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? तुम्ही असता तर वाद घातला असता, पंख उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहिला असता, आणि शेवटी "बरोबर आहे तुह्यं" म्हणाला असता. मी विद्यार्थ्यांना सगळं सांगते, तुमची चूकसुद्धा. एवढंच सांगितलेलं नाही, की थंडीतलं पहिलं पाखरू पंख उघडत होतं आणि पोरं टाळ्या वाजवत होती, तेव्हा ते अरुंद पट्ट्यांचं निघावं असं मला मनापासून वाटत होतं.