मुंगीबद्दलचा कागद

ता. ८ सप्टेंबर

चि. धाकटीस, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते. शिकलेल्या माणसांना वेळ कुठला! इकडे सगळे ठीक. शर्टांची काजं करून माझा अंगठा पुन्हा सुजलाय, पण ते नेहमीचंच. कामावर चक्कर येऊन पडल्यापासून मुंगीच्या बाबांनी पहिल्यांदाच पूर्ण आठवडा काम केलं.

मुख्य सांगायचं म्हणजे, सुट्टीत आलीस तेव्हा मुंगीला आकडे विचारून जो कागद लिहून दिलास, तो मी शाळेत दिला. शाळेच्या मोठ्या बाईंनी दोनदा वाचला आणि विचारलं, की हे लिहिणारी तुमची कोण. सख्खी बहीण, म्हटलं, मुलांची स्मरणशक्ती तपासतात त्या केंद्रात कामाला आहे. आपल्या घरात आजवर कोणाच्या सहीला एवढा मान मिळाला नव्हता. त्यांनी लगेच मुंगीला तिसरीतून दुसरीत बसवलं. तीस तारखेला यादी पक्की होईल, मग वर्षभर तिथेच.

पोर रडली नाही. फक्त डबा भरलेलाच परत आणते, आणि परवा शेजारच्या काकूंना सांगत होती, की माझं डोकं लहान आहे, मावशीने मोजलंय. याच्यावर काही औषध असतं का? तू म्हणशील तसं करू.

जिवाला जप.
तुझी ताई

ता. १२ सप्टेंबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा बंद केला. ताई, तो कागद खरा धरू नकोस. आकडे मी खोटे लिहिले नाहीत, पण तो लिहायचा मला अधिकारच नव्हता.

आमचं काम असं असतं: मी सात-दोन-नऊ म्हणायचं, मुलाने उलट, नऊ-दोन-सात सांगायचं. ऐकलेलं क्षणभर मनात धरून त्याच्यावर काम करायची ही शक्ती. तिला कार्यस्मृती म्हणतात. पण मनातली ही जागा फार छोटी असते. तिथे आधीच काळजी बसलेली असली, तर आकड्यांना उभं राहायलाही जागा उरत नाही. म्हणून घाबरलेली, उदास मुलं मागे पडलेली दिसतात. काळजीमुळे ही जागा आटते, की जागा लहान असलेल्या मुलांना काळजी जास्त ग्रासते, हे आमच्या केंद्रातल्या बाईसुद्धा ठामपणे सांगत नाहीत. म्हणूनच नियम आहेत. खोली बंद हवी, तपासणारं माणूस नात्यातलं नको, बघायला कोणी नको. आणि आकड्यांच्या आधी मुलाशी निवांत बोलायचं, की कशाची भीती वाटते का, पोटात गोळा येतो का.

मी काय केलं? चहाच्या वेळी, तुझ्या सासूबाई आणि काकू समोर बसलेल्या असताना, मुंगीला स्टुलावर उभं केलं. ती चुकली तेव्हा सगळे हसले. मीही हसले. केंद्राचे कोरे कागद मी न विचारता पिशवीत घालून आणले होते. त्यावर ‘वयाच्या मानाने फार कमी’ असं लिहून सही ठोकली.

कागद परत माग. तिच्या मनात तेव्हा काही होतं का गं? मी विचारलंच नाही.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागते.
धाकटी

ता. १६ सप्टेंबर

चि. धाकटीस,

आशीर्वाद आहेतच, ते काही परत घेता येत नाहीत.

कागद मागायला गेले होते. मोठ्या बाई म्हणाल्या, आईला असं वाटणारच, ज्यांनी तपासलं त्यांनी येऊन सांगावं. पोर माझी, पण माझ्या बोलण्याला तुझ्या सहीएवढं वजन नाही, हे त्या खोलीत उभं राहून कळलं.

तू विचारतेस मनात काय होतं. हे पडले तेव्हापासून मुंगी रोज संध्याकाळी त्यांच्या पावलांकडे कान लावून असते. आमच्या मजल्यापर्यंत छत्तीस पायऱ्या. सगळ्या मोजते. मध्येच पाऊल थांबलं, की हिचा श्वास थांबतो. तू आकडे विचारत होतीस तेव्हा ह्यांना यायला अर्धा तास उशीर झाला होता. मला ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी बोलले नाही, कारण वाटलं, एवढी शिकलेली, हिला कळलंच असेल. तेव्हा सगळी लाज एकटीच घेऊन बसू नकोस, अर्धी माझी आहे.

रडून झालं असेल तर ये. पुढच्या आठवड्यात ये. तीस तारखेनंतर आलीस तर काय उपयोग?

ताई

ता. २४ सप्टेंबर

ती. सौ. ताईस, सा. न. वि. वि.

काल मी येऊन गेले. शाळेपासून तुझं घर दोन गल्ल्या, जिन्यापर्यंत आलेही, पण पाय वर जाईना.

आधी केंद्रातल्या बाईंना सांगितलं. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, दुसरं वाक्यच आठवेना. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा काढून ठेवला. आता वर्षभर मला मुलांपुढे बसता येणार नाही, तळघरात जुन्या फायली लावायच्या. मुंगीच्या भीतीचं वेगळं बघायला हवं, म्हणून त्यांनी एका बालमनाच्या डॉक्टरीणबाईंना चिठ्ठी दिली आहे. ती सोबत जोडली आहे, नक्की जा.

शाळेत मला दुसरीच्या वर्गासमोरच थांबवलं. मुंगी शेवटच्या बाकावर होती, तिचे गुडघे बाकाला अडत होते. तिने मला पाहिलं आणि पटकन मान खाली घातली, जशी काही चूक तिचीच. मी लिहून दिलं, की तपासणी नियम मोडून झाली आहे, ती ग्राह्य धरू नये. मोठ्या बाई म्हणाल्या, उद्यापासून तिसरीत.

इथेच थांबणार होते, पण एक गोष्ट लपवली आहे. आकडे खोटे लिहिले नाहीत, हे मी खोटं लिहिलं. तीन आकडे तिने एकदा बरोबर उलटे सांगितले होते, इतक्या हळू, की कोणी ऐकलं नाही. मी ऐकलं, आणि चूक धरलं. तुझ्या सासूबाईंनी पूर्वी विचारलं होतं, एवढं शिकून ही करते तरी काय. मला त्यांच्यासमोर काहीतरी शोधून दाखवायचं होतं. सगळं बरोबर आलं असतं तर दाखवलं काय असतं?

आता लोभाचं तूच ठरव.
धाकटी

ता. १ ऑक्टोबर

चि. धाकटीस, आशीर्वाद.

जिन्यापर्यंत येऊन परतलीस हे वाचून एक ठेवून द्यावीशी वाटली. शेवटचं वाचून तर चार दिवस पत्राला हात लावला नाही. राग गेला असं म्हणत नाही. लिहायला बसले आहे, यावरून समज.

मुंगीचं नाव तिसरीच्या यादीत लागलं. निम्मा डबा संपवते. डॉक्टरीणबाईंकडे एकदा जाऊन आलो, तिथे ती चक्क बोलली. मीच तिला सांगितलं, की कागद चुकला होता, मावशीने स्वतः जाऊन तसं सांगितलं. वाटलं, खूश होईल. कसलं काय! आता रोज वेणी घालताना विचारते, मावशीला ओरडले का, मावशीला काढून टाकतील का, मावशी माझ्यामुळे रडली का. काल साबण आणायला पाठवलं तर हात हलवत परत आली. म्हणाली, मावशीचं आठवत होते, साबणाचं राहिलं.

आता मला नको, तिलाच लिही. आणि मास्तरीणबाई, या खेपेला रडगाणं नको.

ताई

ता. ५ ऑक्टोबर

चि. मुंगीस, गोड गोड पापा.

तू तीन प्रश्न विचारलेस, त्यांची उत्तरं. मला रागावले, ते बरोबरच होतं. काढून टाकलं नाही. मी फायली लावते, तिथे एक झुरळ माझ्याआधी कामावर हजर असतं. रडले, पण तुझ्यामुळे नाही. मी वाईट वागले म्हणून.

तीन आकडे तू बरोबर सांगितले होतेस. मी ऐकले होते. तुझं डोकं लहान नाही आणि मी ते मोजलेलं नाही.

माझं पुढे काय होणार, हे लक्षात ठेवायचं काम माझं. ते मोठ्या माणसाचं काम आहे. तू ते विसरलीस तर मला फार आवडेल. उत्तर लिहायचंही ध्यानात ठेवू नकोस. लोभसुद्धा आठवणीने ठेवायला नको, दोघींचा मिळून मी ठेवते.

तुझी मावशी