सहा मजुरांचं गणित

आबा, आज नातीचा गृहपाठ घेताना मजुरांचं गणित आलं आणि माझा हात थांबला. तुम्हाला जाऊन पन्नास वर्षं होत आली, तरी ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेले नाही.

सातवीत होते मी. गावातली शाळा तिथंच संपायची, पुढं आष्ट्याचं हायस्कूल. तुम्ही पलटणीतून रजेवर आला होता आणि हायस्कूलचा फॉर्म तुमच्या ट्रंकेवर सहीवाचून पडून होता. आत्याच्या मते पोरीला एवढं शिक्षण बास होतं. तुम्ही म्हणालात, "आजचा गृहपाठ माझ्याम्होरं कर. गुरुजींनी समदं बरोबर दिलं तर सही. एक जरी चुकलं तर शाळा बंद." पलटणीत तुमचा शब्द कुणी मोडत होतं की नाही, देव जाणे. घरात कुणाची टाप नव्हती.

दुपारी सोप्यात पोतं अंथरून बसले. तुम्ही पुढ्यात, पाठ ताठ. भूगोल, आपल्या भागातली पिकं कोणती? ऊस, हळद, शाळू. शास्त्र, पाण्याची वाफ कशी होते? चुलीवरच्या आधणाकडं बघत तेही लिहिलं. इतिहासाच्या सनावळ्या धडाधड म्हटल्या. मग गणित. आठ मजूर एका शेतातला ऊस बारा दिवसांत तोडतात, तर सहा मजुरांना किती दिवस लागतील? मी सोळा लिहिलं.

"सोळा? तवर ऊस वाळायचा थांबतोय व्हय?"

"आवं आबा, गुरुजींनी शिकवलंय तसंच केलंय."

"गुरुजींनी ऊस तोडलाय कवा? दोन गडी कमी पडलं तर पैऱ्यानं आणायचं. आज ती आपल्यात, उद्या आपण त्यांच्यात. बाराच दिस. खोड ते."

सोळाच बरोबर आहे, हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी खोडलं. दुसऱ्या दिवशी गुरुजींनी फुली मारली, हातावर पट्टीही बसली. घरी येताना एकच विचार. चूक तुमची आहे असं तुम्हाला सांगणार कोण? तुम्ही बूट घालून शाळेत जाणार, गुरुजींशी भांडणार आणि त्या दोघांच्या हट्टात माझा फॉर्म मरणार. मी गोठ्यात शिरले. ते पान फाडलं, सगळं नव्यानं उतरवलं, आईच्या करंड्यातलं कुंकू पाण्यात कालवलं आणि काडेपेटीच्या काडीनं बरोबरच्या खुणा केल्या. बारापुढंही केली.

संध्याकाळी वही तुमच्या हातात. तुम्ही खुणेवरून बोट फिरवता, बोट लाल होतं. "शाई वलीच हाय की," म्हणता आणि माझ्याकडं बघता. कितीतरी वेळ बघता. मग तुम्ही बोट लेंग्याला पुसता, फॉर्म मागता आणि सही करता. तुम्हाला कळलं होतं, असं आज वाटतं. तेव्हा नुसती भीती होती. तुमची रजा संपायला चार दिवस होते आणि ते चारही दिवस तुम्हाला गुरुजी भेटू नयेत म्हणून मी देवाला हात जोडत होते.

एस.टी. सुटताना मी हमसून हमसून रडले. तुम्ही खिडकीतून हात काढून माझ्या डोक्यावर ठेवलात. "रडू नगंस गं, दिवाळीला येतो." दिवाळीआधी तार आली. लेकीचा बापावर लय जीव, तिला आधीच कळलं असंल, असं गाव अजून म्हणतं आणि मी मान हलवते.

हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकू? आबा, तुम्ही चाललात म्हणून मी रडत नव्हते. सुटले, म्हणून रडत होते.