गोठ्याच्या पत्र्यावरचं ऊन

माय,

माझी एक अत्यंत गंभीर तक्रार आहे आणि ती ऐकून घ्यायला सध्या तुझ्याशिवाय कोणी मोकळं नाही. काल माहेरी आले आणि दुपारी किती तापमान झालंय ते बघायला फोन हातात घेतला, तर फोनच म्हणाला, मी तापलोय, आधी मला निवू द्या. एवढं बोलून तो काळा पडला. ताप बघायला बोलावलेला डॉक्टरच खाटेवर आडवा! मी पेपरात दर आठवड्याला भल्याभल्यांची सालं काढते, पण मला असं तोंडावर गप्प आजवर कोणी केलं नव्हतं. शेवटी त्याला माठाजवळ सावलीत निजवला आणि स्वयंपाकघरात येऊन बसले.

तिथे भाऊ पेपरातली बातमी वाचून दाखवत होता की यंदा उन्हाचे सगळे जुने विक्रम मोडले. वहिनीनं कणीक मळता मळताच ती बातमी उडवून लावली. "कसाना विक्रम! मन्ह्या बिबड्यास्ना काठ बारा वाजता सुटना. सासूबाईस्ना आकरालेच सुटेल व्हता. तवयसारखं ऊन आते कोठे शे?" आणि पुरावा म्हणून तिनं फडताळाचं दार उघडलं.

दाराच्या आतल्या बाजूला तुझं पेन्सिलीचं अक्षर अजून तसंच आहे. आपल्या घरात थर्मामीटर होता तो फक्त अंगातल्या तापाचा. उन्हाची मोजणी तू बिबड्यांवर करायचीस. पहाटे ज्वारीचा घाट शिजवायचा, ओल्या कापडावर पापडासारख्या बिबड्या थापायच्या, ते कापड खाटेवर पसरून खाट धाब्यावर, घराच्या सपाट मातीच्या छतावर, उन्हात ठेवायची आणि बिबड्यांचा काठ कापडापासून कितीला सुटला ते साल घालून दारावर लिहायचं. कधी दोन, कधी सव्वा, ढगाळ साली चक्क चार. आणि मधोमध, खाली दोन रेघा ओढलेलं: अकरा.

त्या अकराबद्दल बोलायचंय.

मी तेव्हा शहाद्याला कॉलेजात होते. तू मला बिबड्यांवर राखण बसवलंस आणि बजावलंस, "काठ सुटल्याबिगर खाले उतरजो नको. कावळा बसना तर तुलेच थापसू." इकडे बाराच्या बसनं मैत्रिणींबरोबर शहाद्याला मॅटिनीला जायचं ठरलेलं. मी धाब्यावर बसलेय, डोक्यावर ओला टॉवेल, आणि बिबड्या काही केल्या हलत नाहीत. शेजारी गोठ्याचा पत्रा असा तापलाय की त्याच्यावरची हवा थरथरतेय. मी कापडाची दोन टोकं धरली आणि सगळा संसार पत्र्यावर ओढला. दीड तासात काठ वर आले. परत खाटेवर ओढून, हात झटकून, मी साळसूद चेहऱ्यानं तुला हाक मारली.

तू वर आलीस, एक काठ नखानं उचलून पाहिलास, आभाळाकडे पाहिलंस आणि कपाळावर हात मारलास. "आकरा! मन्ह्या जल्ममा असं ऊन देखेल नही!" मला वाटलं, आता बस गाठता येईल. पण तू धाब्याच्या कडेला जाऊन समोरच्या काकूला हाक मारलीस. तोवर गल्लीतला विक्रम तिचा होता, साडेबाराचा, आणि तो ती प्रत्येक लग्नात वाढायची. "ओ बहीण, तुन्हा साडेबारा आते माळ्यावर ठेव! आठे आकराले सुटनात!" तुझा तो आनंद! पुरणपोळी फुगल्यावरसुद्धा तू कधी इतकी फुगली नव्हतीस. मी पिक्चर पाहिला, पण त्यातलं काही आठवत नाही. तुझा चेहरा तेवढा आठवतो.

काकूचं काय झालं ते दुसऱ्या दिवशी कळलं. सूर्य एकच, गल्ली एकच, मग आपल्याच धाब्यावर ऊन कमी का, म्हणून तिनं दोष कडुनिंबाला दिला आणि धाब्यावर झुकलेली सगळ्यात मोठी फांदी तोडायला लावली. त्याच फांदीखाली ती दुपारी खाट टाकायची. त्यानंतर कित्येक उन्हाळे ती घरात पंख्याखाली घामाघूम बसायची आणि बिबड्या तरी साडेबाराच्या आत सुटायच्या नाहीत. तू मात्र शेवटपर्यंत तिला "अकरा" एवढंच म्हणायचीस. मी गप्प राहिले. जगाचं खोटं उघडं पाडण्याचा धंदा करते ना मी! आणि माझ्या कृपेनं जिल्ह्यातलं एक घर असं आहे, जिथे सगळ्यांची खात्री आहे की ऊन दरवर्षी कमी होत चाललंय.

आज सकाळी वहिनीच्या डब्यातल्या बिबड्या घेऊन समोर गेले. काकू आता नव्वदीला टेकलीय. कडुनिंबाला नव्या फांद्या फुटून पुन्हा सावली झालीय, तिच्याखाली खाटेवर बसली होती. मी एका दमात सगळं सांगितलं: पत्रा, बस, मॅटिनी, फांदी. तिनं बिबडी कडकन मोडली, दोन्ही तुकडे हातात तसेच राहिले. मला वाटलं आता ऐकावं लागणार. आणि ती हसायला लागली. खाट करकरली, डोळ्यांतून पाणी आलं, तिची सून आतून धावत आली.

"पत्र्यावर! अरे देवा, पत्र्यावर! म्हंजे मन्हा साडेबारा खराच व्हता?"

"खराच होता, काकू."

"तुन्ही मायले माहीत व्हतं?"

"नाही. सांगायची हिंमतच झाली नाही."

तिनं डोळे पुसले, माझा कान धरला आणि आवाज खाली आणून बजावलं, "मंग आतेबी तिले काही सांगजो नको. लवकरच भेट व्हई आमनी. मीच सांगसू."

तिच्या चेहऱ्यावर त्या दिवशीच्या तुझ्यासारखाच आनंद होता. तो हिरावून घ्यायची माझी छाती नाही, म्हणून हे पत्र इथेच फडताळात, बिबड्यांच्या डब्याखाली राहील. काकू सांगेल तेव्हा तू आपली नवल वाटल्यासारखं कर.

घरी येऊन मी फडताळाचं दार उघडलं. तुझं अकरा पुसवलं नाही. वहिनीची पेन्सिल घेतली आणि त्याच्यापुढे बारीक अक्षरात एकच शब्द लिहिला: पत्र्यावर.