देवळात दहा सेकंद उशिरा

प्रिय दादा,

दुकान आवरायला काढलंय, म्हणून हे पत्र. नवीन पनवेलचा गाळा पुढच्या महिन्यात सोडतोय. हल्ली लग्न असो की पालखी, ज्याला जे लाइव्ह दाखवायचं ते तो फोनवरूनच दाखवतो, त्याला माझी काय गरज? भांडायचं त्राण उरलेलं नाही. थकलो, दादा. परवा माळ्यावरचं सामान उतरवताना तो तुझा काळा डबा हाताला लागला. मी त्याला सर्व्हर म्हणायचो, तू मात्र शेवटपर्यंत डबाच म्हणालास.

भंगारवाल्याला देण्याआधी आत काय आहे ते पाहावं म्हणून तो चालू केला, आणि तिथेच बसून राहिलो. तुझं आणि खंडूकाकांचं भांडण झालं ते माझ्यामुळे. हे एवढं एक वाक्य मला सहा वर्षं बोलता आलं नाही. तू होतास तेव्हाही नाही, गेलास त्यानंतरही नाही.

सुनंदा लग्न होऊन आली तेव्हा तिला किती नवल वाटलेलं, आठवतं? साताऱ्याची पोर ती, वडिलांना अरे-तुरे करतात हे तिने पाहिलंच नव्हतं. 'मामंजींना तुम्ही सरळ तू कसं म्हणता?' म्हणून माझ्यावर डाफरली होती. तू हसलास आणि म्हणालास, आमच्यात देवाला आणि बापाला तूच म्हणतात. म्हणून आजही तूच म्हणतो. पण आज जे सांगायचंय ते सांगताना मान खाली आहे, हे समजून घे.

तुझं कमरेचं हाड मोडलं आणि आम्ही तुला गव्हाणहून विचुंब्याला आणलं. इमारत नवी, पण लिफ्ट कागदावरच राहिलेली. तिसरा मजला! एकदा तुला खुर्चीत बसवून चौघांनी वर चढवलं, तो तू पुन्हा खाली उतरलाच नाहीस. कशाचीच तक्रार नव्हती तुझी. फक्त सोमवार आला की संध्याकाळी तुझं बोलणं बंद व्हायचं. तीस वर्षं गव्हाणच्या देवळात सोमवारचं भजन तू लावलंस. बुवा तू, आणि पखवाजावर खंडूकाका. दोघं एका नांगराचे बैल आहेत, असं आई म्हणायची. आता तिकडे बुवाची जागा रिकामी आणि इकडे तू भिंतीकडे तोंड करून पडलेला.

मी तेव्हा नुकतीच नोकरी सोडली होती. तुला ते आवडलं नव्हतं. पगार सोडून डबे जोडत बसतो, असं तू पाहुण्यांदेखत बोलायचास. मला ते लागायचं, दादा. म्हणून म्हटलं, या डब्यांचा एकदा काही उपयोग करून दाखवू. एक जुना कॉम्प्युटर घेतला, टीव्हीखाली ठेवला. तुझ्या पेटीसमोर कॅमेरा लावला, तुझ्या सदऱ्याला माइक अडकवला. देवळात माझा लॅपटॉप, त्याला इंटरनेटचं डोंगल, आणि त्यातला आवाज थेट देवळाच्या कर्ण्यावर. तिकडचा आवाज पुन्हा आपल्या घरी, तुझ्या उशाशी. म्हणजे तू विचुंब्याला बसून गायचं आणि गव्हाणला कोरस उठायचा. वीज गेली तर इन्व्हर्टर, राउटर बंद पडला की पुन्हा सगळी जुळवाजुळव. पंधरा दिवस खपलो. मंडळातल्या सगळ्यांना छाती फुगवून सांगितलं, लाइव्ह आहे, दादा देवळात बसल्यासारखाच वाटेल.

पण आवाज तुटू नये म्हणून तो वाटेत थोडा साठवून मग पुढे सोडावा लागतो. जितका जास्त साठवाल तितका सलग येतो आणि तितकाच उशिरा पोचतो. आपल्या घरचं इंटरनेट मरतुकडं. मी भरपूर साठवला. इथून देवळात जायला दहा सेकंद, तिथून परत यायला दहा. मला हे माहीत होतं. दहा सेकंदांनी काय होतंय, असं मला वाटलं. बुवाच्या पोराला असं वाटावं? ओळ सोडली की कोरसने त्याच श्वासात ती उचलायची, हे मी दुधाच्या दातांपासून ऐकत आलो होतो. तरी माझ्या डोक्यात नाही आलं.

त्या सोमवारी मी देवळात लॅपटॉपपाशी होतो. पडद्यावर तू एवढासा दिसत होतास, तरी म्हाताऱ्यांनी टोप्या सारख्या करून तुला हात जोडले. तू पहिली ओळ म्हटलीस आणि देवळात कोरस असा उठला की माझ्या अंगावर काटा आला. मग तू थांबलास. बराच वेळ थांबलास. पुन्हा तीच ओळ घेतलीस, पुन्हा अडलास. मला वाटलं, दम लागत असेल.

घरी काय चाललं होतं ते सुनंदाने मला नंतर सांगितलं. तू ओळ सोडायचास आणि पुढे सगळं गप्प. तू दुसरी ओळ घेतलीस की पहिलीचा ठेका येऊन तुझ्या पायात अडकायचा. तिकडचा माइक मी पखवाजाला जवळजवळ चिकटवून ठेवला होता, त्यामुळे घरी पखवाज दणदणीत आणि बाकीचं सगळं पुसट. तुला एकटे खंडूकाकाच ऐकू येत होते, आणि दर वेळी भलत्याच जागी.

आणि मग कर्ण्यावर तुझा आवाज आला.

"खंडू, हात मेला काय तुजा? तीस वर्सं मी तुला सांभालून घेतला, म्हनून तू पखवाजी. नायतर तुला ताल कवा कलला?"

देवळात पन्नास माणसं होती, आणि कर्णा बाहेर पिंपळावर. वेशीपर्यंत गेलं ते. आता सर्वांत लाजिरवाणी गोष्ट सांगतो, दादा. ते ऐकून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? आवाज किती स्वच्छ येतोय! वायर उपटायला हवी होती, ते मला नंतर सुचलं.

 खंडूकाकांनी पखवाज उभा केला आणि डाव्या तोंडावर आवाजासाठी थापलेली कणीक नखाने खरवडून काढायला लागले. भजन चालू असताना कणीक कोणी काढत नाही, तुला मी काय सांगू? सगळी काढली, गोळा करून पानावर ठेवली, पखवाजावर कापड घातलं आणि उठून गेले. पुन्हा त्या देवळात बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तू मला विचारलंस. रात्रभर झोपला नव्हतास, डोळे लाल झालेले. "नितीन, खरा सांग. तुज्या डब्यात तर काय गडबड नाय ना?"

मी म्हणालो, "नाय."

का म्हणालो? त्या देवळातच मला पुढची पालखी लाइव्ह दाखवायचं काम मिळालं होतं. दोघा-तिघांनी पाठ थोपटली होती. आणि तुझ्यासमोर माझा डबा पहिल्यांदाच कामाला आला होता, तो चुकला हे तुलाच कसं सांगू? एवढंच कारण. आज लिहिताना फार फालतू दिसतंय. मला वाटलं, तुम्ही जुने मित्र, आठ दिवसांत आपसात मिटवाल. पण तू म्हणालास, त्यानं यावं. तिकडे काका म्हणत होते, त्यानं बोलवावं. दोघंही हट्टी, आणि मी मधे काही माहीत नसल्यासारखा.

पुढच्या सोमवारपासून मी तिकडचा माइक बिघडला असं सांगून परतीचा आवाजच बंद करून टाकला. चोराची अक्कल! मग तू नुसताच गायलास. ओळ म्हणायचास आणि कोरसला लागेल तेवढीच जागा मोकळी सोडायचास, नेमकी तेवढीच, आणि त्या शांततेत मान हलवत राहायचास. दीड वर्ष, दर सोमवारी. मी तिकडे उभा राहून बघायचो. तिकडे सगळं बरोबर जुळायचं आणि तुला त्यातलं काहीच ऐकू यायचं नाही. दादा, तू पुन्हा विचारलं का नाहीस रे? एकदा जरी विचारलं असतंस तरी बहुतेक मी बोललो असतो. बघ, अजूनही दोष तुझ्यावर ढकलतोय.

तू गेलास तेव्हा खंडूकाका स्मशानात आले होते. सगळ्यांच्या मागे, कुंपणाला टेकून उभे. मी त्यांच्याकडे बघितलं आणि दुसरीकडे वळलो.

तर परवा डबा चालू केला. त्यात दोन्हीकडचा आवाज साठवून ठेवलेला सापडला, त्या पहिल्या सोमवारचासुद्धा. तिकडच्या माइकने टिपलेला आवाज मी आजवर कधी ऐकलाच नव्हता; त्या दिवशी देवळात माझं सगळं लक्ष लॅपटॉपवर होतं. कानाला हेडफोन लावला. पखवाजामागे कर्ण्यावरचा तुझा आवाज बारीक, पण नीट ऐकू येतो. दादा, काका कुठेच चुकलेले नाहीत. तू ओळीच्या मधेच अडलास तिथे त्यांनी ठेका बारीक करून नुसता धरून ठेवलाय, वाट बघत. तू परत आलास की ते समेवर हजर. एकदा तू दीड मात्रा आधीच आलास, तर त्यांनी ती अशी गिळली की कुणाला कळलंही नसेल. टाळवाले दोनदा घसरले, काका एकदाही नाही. त्या दिवशी सांभाळून घेतलं ते त्यांनी तुला.

आज सकाळी ते घेऊन गव्हाणला गेलो. काका ओट्यावर बसले होते. ऐंशीच्या पुढे गेलेत, हात कापतो आता. मी सगळं सांगितलं. दहा सेकंदांचं सांगितलं, माझं 'नाय' सांगितलं. मग त्यांच्या कानाला हेडफोन लावला. ते डोळे मिटून ऐकत होते. कापणारी बोटं मांडीवर चालत होती आणि चालताना कापत नव्हती. संपल्यावर हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

मग विचारलं, "माज्यामागं पखवाजाला दुसरा कोनी का नाय घेतला त्यानं?"

मी म्हणालो, "मंडळ जासईचा एक जण आणत होतं. दादाने फोनवर नको म्हणून सांगितलं. ती जागा खंडूची हाय, म्हणाला."

काका भिंतीकडे वळले. काकीने चहा आणून ठेवला, तो तसाच निवला. मी पाया पडलो तर पाय मागे घेतले त्यांनी. रागावून म्हणेन तर तसंही नाही. बोलले ते भिंतीकडे बघतच.

"मी चुकलो नव्हतो, ते मना म्हाईत हाय. मना काय सांगतंस? त्याला सांगाचा व्हता, तो जिता व्हता तवा."

 उठलो. परत येताना गाडी दोनदा बाजूला घ्यावी लागली. घरी आलो आणि कागद घेतला. ज्याला सांगायचं होतं तो तू. म्हणून सांगतो. तू विचारलं होतंस ना, डब्यात गडबड नाही ना? होती, दादा. गडबड डब्यात होती, आणि ती मला ठाऊक होती.

शब्द देतो. येत्या सोमवारी देवळात जाईन, आरतीआधी माइक हातात घेईन आणि हेच सगळं कर्ण्यावरून सांगेन. वेशीपर्यंत जाऊ दे. आणि तुझा तो आवाज आणि काकांचा तो पखवाज गावाला एकत्र ऐकवीन. काका आले तर त्यांच्यासमोर. नाही आले तरी कर्णा त्यांच्या ओट्यापर्यंत ऐकू जातो.

तुझा,
नितीन