वर्डमधल्या किड्याचा मुडदा

९ नोव्हेंबर १९९८, सोमवार
सकाळी नातीच्या, प्रज्ञाच्या आधी तिचं टायपिंगचं दुकान उघडलं, झाडलं. मग माझी फ्लॉपी घालून नाव बघितलं. भागिरथी रंभाजी! पडदाभर अक्षरं. प्रौढ शिक्षनाची परीक्षा पास झाले तवा प्रज्ञानं टाइप करून दिलंय. मशीन आधी काहीतरी इंग्रजीत इचारतं. मधलं बटन दाबलं की नाव येतं. लई गोड वाटतं. फ्लॉपी परत कमरेच्या पिशवीत.

दुपारी प्रज्ञानं बोंब मारली, व्हायरस! म्हनली, आजे, वर्ड उघडला की आधी त्याचा साचा उघडतो, हा मेला त्यातच बसलाय. वर्डासंगंच उठतो अन् सगळे कागद नासवतो. शनिवारी कालेजचे सर तपासायला येनार. मशीन स्वच्छ असलं तर कालेजचं टायपिंग आपल्याकडं, न्हाईतर शेजारच्या झेरॉक्सवाल्या गोरक्षनाथाकडं.

दारात उभी राहून वरडले, किडा आननाऱ्याचे हात मोडनार.

१० नोव्हेंबर
साचा पुसला. राखनीला नवा प्रोग्राम बसवला. मग प्रज्ञानं मुद्दाम रोगट फ्लॉपी घालून बघितली. मशीन लगेच वरडलं, प्रज्ञानं न्हाईचं बटन दाबलं, किडा बाहेरच. चाचनी पास. मी म्हनले, वर मिरचीची धुरी देऊ. न्हाई म्हनली. शिकलेल्यांना मारायचं कळत न्हाई.

११ नोव्हेंबर
सकाळी नाव बघितलं. दुपारी व्हायरस परत!
गोरक्षनाथच. मावशी, स्टेपलर हाय का, करत आला. झाडूनं असा हानला की चष्मा गटारात. वरडला, येडी झालीस का गं! मी म्हनले, मुडद्या, नवा घेऊन ये, तोबी फोडते. लई मजा आली. खांदा धरलाय.

१२ नोव्हेंबर
नाव बघितलं. व्हायरस हाय तिथंच. परत पुसला, परत चाचनी, परत पास. प्रज्ञा रडवेली. कोनीतरी आत घेतंय म्हनली.
वरवंटा घेऊन दारात बसले. गिऱ्हाइकांच्या फ्लॉप्या हिसकून ठेचल्या. एका मास्तराचं अख्खं पुस्तक गेलं म्हनं. लढाईत व्हतंय.

१३ नोव्हेंबर
सकाळी मधलं बटन दाबलं तोच पार्टीशनमागं खुडबूड. वरवंटा उगारला. प्रज्ञा! चोर धरायला लपलेली. टकुरं थोडक्यात वाचलं.
म्हनली, आजे, ह्याच फ्लॉपीत हाय तो. मशीन रोज इचारतं आत घेऊ का, अन् तू रोज व्हय म्हनतीस.
मी म्हनले, मी नुसतं नाव बघते. मराठीत इचारायला मशीनला काय झालं?
म्हनली, दे, साफ करून देते, नाव तसंच राहील.
मी म्हनले, दया न्हाई. घातला वरवंटा.
आत नुसती काळी पातळ चकती. उलटीपालटी करून बघितली. नाव कुठंच न्हवतं.

१४ नोव्हेंबर, शनिवार
सर आले, प्रज्ञानं राती परत पुसलेलं मशीन स्वच्छ निघालं. काम आपल्याला. हे सगळं माझ्या वरवंट्यामुळं.
गोरक्षनाथ नवा चष्मा लावून, प्रज्ञाकडनं समदं ऐकून आल्ता. मावशी, हात कुनाचे मोडनार हुतीस? म्हनला. मी झाडत राहिले.
प्रज्ञाला परत टाइप कर म्हनायला तोंड न्हाई.
भागिरथी रंभाजी.
हातानं लिहिलं. लई बारीक दिसतंय.