दुसऱ्याच्या मापाची आई

३ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पंधरवडा होत आला, आईची गोष्ट स्वतःच्या हाताने लिहून पाठवली, आणि तू एक ओळ टाकत नाहीस म्हणजे काय? हात मोडलाय का?

वाचनालयातल्या लेखनाच्या वर्गाच्या बाई म्हणतात, आपली आठवण लिहायची तर आधी छापलेले लेखक कसे लिहितात ते बघा. मी एका लेखकाची आईवरची आठवण घेतली, ती नुसती बघितली नाही, उसवली! जुना कोट उसवून कापड पसरतो तसं. कुठून सुरू केलं, कुठे दुमडलं, कुठे थांबला लबाड. शाळा तिसरीपर्यंतची, पण कापड कसं बेतलंय, तो बेत मला कळतो. त्याच बेतावर माझं कापड ठेवलं नि कापलं. शाळा सोडून टेलरच्या दुकानात गेले, तो दिवस. महिनाअखेर सगळ्यांपुढे वाचायचंय! कशी झालीय ते लिही.

तुझी ताई

१० ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न.

उशीर झाला, कारण ही कोणाची आई म्हणून मी घरभर विचारत फिरले. फाटकापाशी उभी राहून रुमालाने डोळे पुसते म्हणे! आपल्याला फाटक कधी होतं? आईकडे रुमाल होता? आणि ती रडली कधी गं?

रागावू नकोस. दुकानाचं वाचताना मात्र कोऱ्या कापडाचा वास आला. लोभ कमी करू नकोस.

तुझी धाकटी

२२ ऑगस्ट

चि. धाकटीस,
आशीर्वाद, आणि एक धपाटाही.

बरोबर पकडलंस! फाटक त्या लेखकाचं, रुमाल त्याचा, रडणंसुद्धा त्याचंच. बेत कोणाचाही घ्या, माप आपलं घ्या, असं दुकानातल्या पोरींवर रोज ओरडते, आणि स्वतःच माप न घेता कातर चालवली. दुकान ठेवलं, बाकी सगळं उसवलं.

पुन्हा पुस्तकं काढली. एका लेखिकेने चक्क लिहिलंय, पुढचं मला आठवत नाही. आणि ते छापलंय! असं चालतं? मी खुर्चीतून उठलेच. मग मीही लिहिलं: मी मागे वळून पाहिलं नाही. आई काय करत होती, मला माहीत नाही.

पण तुला माहीत आहे. दारात बसून ती तुझी वेणी घालत होती. इतकी वर्षं विचारायचा धीर झाला नाही, आता विचारते. मी निघाले तेव्हा तिचे हात थांबले का? की वेणी घट्ट ओढली? की काहीच नाही?

असेल तसं लिही, गोड करू नकोस. शनिवारी वाचायचंय. लोभ आहे तसा राहील, पण उत्तर शुक्रवारच्या टपालात पाहिजे म्हणजे पाहिजे.

तुझी ताई